नफ्याच्या आकड्यामागील हिशेब
भारतीय आयुर्विमा महामंडळाचा निव्वळ नफा २०२१-२२ मधील ४,०४३ कोटी रुपयांवरून २०२२-२३ मध्ये ३६,३९७ कोटींवर गेला. विमाहप्त्यांचे उत्पन्न मात्र सुमारे ११ टक्केच वाढले होते. मग नफा नऊपट कसा झाला? २०२१ च्या कायदादुरुस्तीनंतर नफ्यात सहभागी व असहभागी पॉलिसींचे निधी वेगळे करण्यात आले आणि असहभागी निधीतून सुमारे २७,२४० कोटी भागधारकांच्या खात्यात वळते झाले. त्याची नोंद हिशेबात आहे. ते नियमबाह्यही नाही. परंतु पूर्वी एकूण अधिशेषातील किमान ९५ टक्के वाटा पॉलिसीधारकांचा असे. असहभागी निधीचा अधिशेष आता सर्वस्वी भागधारकांचा आहे. म्हणूनच वार्षिक अहवाल वाचताना नफा किती, यापेक्षा तो कोणत्या निधीतून आला, हे पॉलिसीधारकांनी आधी पाहावयास हवे.