दादीची मशेरी आणि नातीचे दात

वर्गात दातांच्या निगेवरचा धडा चालू होता. सकाळी दात कशानं घासले, असं मी मुलांना विचारलं. कुणी पेस्ट म्हणालं, कुणी मंजन. मागच्या बाकावरची एक मुलगी सहज म्हणाली, "दादीसोबत मशेरी लावते, सर." वर्ग हसला. मला हसू आलं नाही.

माझी अम्मी तव्यावर तंबाखू काळी पडेपर्यंत भाजायची, कुटून डबीत भरायची आणि दिवसातून चार वेळा हिरड्यांवरून बोट फिरवायची. पन्नाशीतच तिचे पुढचे दात हलू लागले. "वयाचं आहे," असं आम्ही घरातले सगळेच म्हणालो.

वय हे एक कारण असतंच. काही घराण्यांत हिरड्या मुळातच नाजूक असतात. पण आजाराची सुरुवात होते ती हिरडीच्या कडेला साचणाऱ्या जंतूंच्या चिकट थरापासून. तो रोज निघाला नाही तर त्याचं कीटण होतं आणि मग ब्रशनं ते निघत नाही. हिरडी सुजते, रक्त येतं. इथवर सावरता येतं. पुढे दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, ते आपोआप भरून येत नाही.

या सगळ्याला तंबाखूची मोठी साथ असते. विडी-सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, हिरडीतून रक्त कमी येतं. म्हणजे धोक्याची खूणच झाकली जाते. मशेरी किंवा तंबाखू जिथं रोज लागते, तिथली हिरडी दातावरून मागं सरकते. दुसरं मोठं कारण मधुमेह. साखर वाढलेली असेल तर हिरड्या लवकर बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळं साखर आवरणं अवघड होतं. अम्मीची साखर वाढलेली आहे, हे आम्हाला दातांच्या डॉक्टरांनी रक्त तपासायला लावल्यावर कळलं. गरोदरपणातही हिरड्या सुजतात. त्या काळात दात दाखवायचेच नाहीत, हा समज चुकीचा आहे.

पेस्ट आणि मंजनात तंबाखू घालायला केंद्र सरकारनं 1992 सालीच बंदी केली. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. घरच्या तव्यापर्यंत मात्र कुठलाच कायदा पोहोचत नाही.

आपल्या बयानांत मिस्वाकची फजीलत आपण ऐकतो, वुजू करताना चूळ भरतो. नमाज झाली की त्याच तोंडात तंबाखूचं पान जातं. तंबाखू हराम की मकरूह, यावर चर्चा होत राहील. मी मौलाना नाही, मास्तर आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की, तोंड पाक ठेवायला सांगणाऱ्या दीनमध्ये मशेरीला दातवण समजणं ही आपण आपलीच केलेली फसवणूक आहे. आणि मशेरी लावणाऱ्या बहुतेक बाया जुम्याचं बयान ऐकायला मशिदीत नसतात. त्यामुळं ही गोष्ट घरात, बायकांच्या इज्तेमात आणि पालकसभेतच बोलावी लागेल.

मी त्या मुलीच्या आईला बोलावून घेतलं. ती खाली मान घालून म्हणाली, "सर, लावल्याशिवाय मलाही सकाळी पोट साफ होत नाही." ही तलफ आहे, औषध नव्हे. ती सोडायला वेळ लागतो, हे मी अम्मीकडं पाहून शिकलोय. म्हणून त्या बाईला मी बोल लावला नाही. फक्त म्हणालो, "तुमची सुटेल तेव्हा सुटेल. पोरीच्या हातातली डबी आजच काढून घ्या."