‘मुंबई सागा’ : कामगार नसलेली गिरणी

‘मुंबई सागा’ हा हिंदी सिनेमा १९ मार्च २०२१ ला थिएटरात आला. कोरोनाचे दिवस होते, थिएटरात कुणी फारसे गेले नाही. पण मोबाईलवर तो वस्तीवस्तीत पोचला आणि अजून उतरलेला नाही. जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधलेला आमचा पोरगा दोन बोटांचे पिस्तूल करून रील काढतो आणि मागे जॉन अब्राहमचा डायलॉग वाजतो. आम्ही त्या पोराला हसत नाही. त्याला अन्यायाची चीड आहे आणि त्याला हिरो हवा आहे, यात त्याचे काय चुकले? आमचे भांडण आहे ते त्याच्या हातात हा हिरो देणाऱ्यांशी.

ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात गोष्ट. अमर्त्य राव हा साधा तरुण. हप्तेखोर गुंड त्याच्या धाकट्या भावावर हात टाकतात आणि हा पेटून उठतो. समोर गायतोंडेची टोळी. डोक्यावर हात ‘भाऊ’ नावाच्या नेत्याचा. हा भाऊ कोण, हे मुंबईतल्या शेंबड्या पोरालाही कळते. मग खेतान नावाच्या गिरणीमालकाचा खून होतो, त्याची विधवा मारेकऱ्याला मारणाऱ्या पोलिसाला दहा कोटींचे इनाम जाहीर करते आणि इन्स्पेक्टर विजय सावरकर पिस्तूल घेऊन निघतो.

आता खरे काय घडले ते पाहू. ७ मे १९९४ ला खटाव मिलचे मालक सुनीत खटाव यांना महालक्ष्मीजवळ भर दिवसा गाडीत गोळ्या घातल्या गेल्या. वाद भायखळ्याच्या गिरणीच्या जमिनीचा होता. नाईक टोळी, गवळी टोळी, युनियन आणि मालक असे सगळे त्या जमिनीभोवती घोंगावत होते. सिनेमाने एवढे सगळे घेतले, नावे बदलली, कपडे भारी दिले. फक्त एक गोष्ट पडद्यावर आणायची राहिली. ती म्हणजे कामगार. तो दिसतो तो गर्दी म्हणून, कुणाच्या तरी जयजयकारासाठी. त्याला नाव नाही, खोली नाही, खाते नाही. गिरणीच्या जमिनीवरून टोळ्या एकमेकांना मारतात, पण त्या जमिनीवर पन्नास-साठ वर्षे घाम गाळला कुणी, हा प्रश्न दोन तासांत कुणाला पडत नाही.

हे विसरून झाले, असे आम्ही मानत नाही. याच दिग्दर्शकाचा, संजय गुप्तांचा, २०१३ चा ‘शूटआऊट अ‍ॅट वडाला’ आठवा. तिथेही जॉन अब्राहमच. ११ जानेवारी १९८२ ला मन्या सुर्वेला पोलिसांनी वडाळ्यात गोळ्या घातल्या, त्यावरचा तो सिनेमा. जागा कोणती? डॉ. आंबेडकर कॉलेजजवळची. बाबासाहेबांनी १९४५ ला स्थापन केलेल्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे हे कॉलेज. तिथून शिकून बाहेर पडलेल्यांवर सिनेमा नाही, तिथे पडलेल्या गुंडावर आहे. आणि त्या एन्काऊंटरनंतर बरोबर सात दिवसांनी, १८ जानेवारीला, अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप कधी अधिकृतपणे मागे घेतलाच गेला नाही. त्याचे नेते डॉ. दत्ता सामंत यांना १६ जानेवारी १९९७ ला पवईत गोळ्या घालून मारले. हिंदी सिनेमाच्या कॅलेंडरात ११ जानेवारी आहे, १८ जानेवारी नाही. (मराठीत ‘लालबाग परळ’ आला होता, हे मान्य. तो महेश मांजरेकरांनी केला होता, आणि ‘मुंबई सागा’त भाऊ झाले तेही मांजरेकरच. पोट सगळ्यांनाच असते!)

आणि कामगार म्हणताना आम्ही आमचा कामगार विसरणार नाही. गिरण्यांत अस्पृश्यांना साळखात्यात घेत नसत. धोट्यातली कांडी बदलली की धागा तोंडाने ओढावा लागे. महाराचे तोंड लागलेला धोटा सवर्ण विणकर तोंडाला कसा लावणार? म्हणून जास्त पगाराचे विणकाम त्यांचे आणि कमी पगाराचे रिंगखाते आमचे. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर विचारला. त्याच बाबासाहेबांनी ७ नोव्हेंबर १९३८ ला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध कम्युनिस्टांच्या बरोबरीने संप घडवला. परळच्या चाळीत वर्षानुवर्षे राहिलेला माणूस होता तो. म्हणजे गिरणगाव ही आमची भूमी आहे, पाहुण्यांची नव्हे. मग गिरणगावच्या सिनेमात जात औषधालाही का नाही? गायतोंडे कोण, राव कोण, भाऊ कोण, सगळे जणू आकाशातून पडलेले.

राजकारण दाखवतो म्हणे सिनेमा! त्यात भाऊ आहे तो शांत, धोरणी, गरिबाच्या पोराला बळ देणारा. ५ जून १९७० ला लालबागमध्ये कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला आणि त्या जागेवरच्या पोटनिवडणुकीत शिवसेनेचा पहिला आमदार निवडून आला. १० जानेवारी १९७४ ला परळमध्ये पँथरच्या मोर्चावर वरून दगड टाकला गेला आणि भागवत जाधव शहीद झाला. वरळीच्या बीडीडी चाळी त्याच महिन्यात दंगलीत होरपळल्या. मुंबईच्या टोळ्यांचे आणि राजकारणाचे नाते दाखवायचे तर सुरुवात इथून करावी लागेल. पण इथून केली तर भाऊंच्या आसनामागचा उजेड तसा मऊ ठेवता येणार नाही.

खरी टोळी कुठली होती, तेही सांगतो. १९९१ च्या विकास नियमावलीतला ५८ क्रमांकाचा नियम काढून वाचा. गिरणीची जमीन विकासाला काढली तर एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि हे वाटप फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीपुरते राहिले. शेड पाडून मोकळी होणारी जमीन वाटपातून गेली. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ती दुरुस्ती कायम ठेवली. शहराच्या आणि गरिबांच्या घरांच्या वाट्याची जमीन कागदावरच्या एका ओळीने गेली. अमर्त्य रावच्या सगळ्या गोळ्या मिळूनही एवढे नुकसान झाले नसते. या ओळीवर सिनेमा काढा ना!

आता पोलिसाकडे येऊ. अमर नाईक १९९६ मध्ये एन्काऊंटरमध्ये मारला गेला, तेव्हाच्या अधिकाऱ्याचे नाव विजय साळसकर. पडद्यावर तो विजय सावरकर होतो. मराठीत आडनावांचा दुष्काळ पडला होता काय? बरे, नाव सोडा. हा वर्दीतला माणूस मालकाच्या विधवेने लावलेल्या दहा कोटींच्या मागे धावतो आणि कॅमेरा त्याच्याकडे आदराने बघतो. कायदा, कोर्ट, साक्षीपुरावा यांची गरजच नाही. संविधान मानणाऱ्या पोरांनी यावर शिट्टी मारायची?

११ जुलै १९९७. घाटकोपरचे माता रमाबाई आंबेडकर नगर. पुतळ्याची विटंबना झाली म्हणून माणसे रस्त्यावर आली आणि राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मेले. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी गळफास घेतला. त्या मेलेल्यांच्या विधवांनी कुठे दहा कोटी लावायचे होते? वर्दीच्या बेबंद गोळीला टाळ्या मिळतात तेव्हा ती पुढे कुणाच्या छातीकडे वळते, हे आमच्याइतके कुणाला माहीत असणार!

कुणी म्हणेल, करमणूक आहे, एवढे काय मनावर घेता. मग पा. रंजितचा ‘काला’ बघा, २०१८ चा. हीच मुंबई, हाच मसाला, तोच जमिनीचा आणि नेत्याचा झगडा, रजनीकांतसुद्धा आहे. पण तिथे धारावीला तोंड आहे, चौकटीत बुद्धविहार आहे आणि जमीन कुणाची हा प्रश्न सरळ विचारलेला आहे. म्हणजे जमते. करणारा कोण आहे, यावर ठरते.

गिरणीच्या जमिनीसाठी आमची पोरेही एकदा उतरली होती. ६ डिसेंबर २०११ ला दादरच्या इंदू मिलमध्ये आंबेडकरी कार्यकर्ते घुसले आणि ठाण मांडून बसले. हातात निळे झेंडे होते, पिस्तूल एकाकडेही नव्हते. ती जमीन बाबासाहेबांच्या स्मारकाला द्यावी लागली. त्या पोरांपैकी कितीतरी आज आपल्याच वस्तीत आहेत. कुणी रिक्षा चालवतो, कुणी महापालिकेत कंत्राटावर आहे. रील काढणाऱ्या मित्रांनो, मोबाईल त्यांच्यासमोर धरा. आणि घरी आजोबा असतील तर त्यांनाही विचारा, कुठल्या गिरणीत होतात आणि कुठल्या खात्यात. साळखाते म्हणाले तर कितव्या वर्षी शिरकाव मिळाला ते विचारा. रिंगखाते म्हणाले तर का, तेही विचारा.