जुनी मालमोटार व धुराच्या नळीची उष्णता

ऊंस, कडबा व खत यांची ने-आण करण्यासाठीं बाळगलेली जुनी मालमोटार आजही कित्येक शेतकरी बंधूंच्या वाड्यांत आढळते. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्याच्या डॉज व फार्गो, किंवा १९५४ सालापासून जमशेदपूर येथें डायम्लर-बेंझच्या सहकार्यानें निघालेल्या टाटा, या गाड्या कोणीं कामासाठीं ठेवल्या आहेत, तर कोणीं वडिलांची आठवण म्हणून. अशा गाडीच्या एंजिनाकडे, टायरांकडे व रंगाकडे मालक हौसेनें लक्ष पुरवितो; पण एंजिनाचा धूर नेणारी नळी गिअर-बॉक्सच्या किती जवळून जाते, हें पाहण्यासाठीं गाडीखालीं वांकणारा मालक विरळा. या हयगयीपासून केवढा अनर्थ होऊं शकतो तें आम्हीं अनुभवलें आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

आमच्या मालमोटारीचें मूळचें पेट्रोलचें एंजिन काढून तेथें डिझेलचें बसविलें होतें. मूळ नळी आंखतांना कारखानदारानें गिअर-बॉक्सपासून अंतर राखलेलें असतें. दुसरें एंजिन बसवितांना मात्र वेल्डिंगवाला जवळची वाट धरतो. आमची नळी अशीच गिअर-बॉक्सपासून दोन बोटांवरून गेली. पुढें गिअर बदलतांना खरखर होऊं लागली, तेलास करपट वास येऊं लागला, आणि पायाला चटके बसतात अशी चालकानें तक्रार केली. आम्हीं ती मनावर घेतली नाहीं. एका मिस्त्रीच्या सल्ल्यानें अधिक दाट तेल भरलें, नळीला उष्णतारोधक पट्टी गुंडाळली, व काम स्वस्तांत झालें म्हणून संतोष मानला. त्याच हंगामांत कडब्यानें भरलेली गाडी चढ चढून थांबली, आणि गिअर-बॉक्सच्या मागच्या ऑइल-सीलमधून झिरपलेल्या तेलानें भिजलेल्या त्या पट्टीनें पेट घेतला. चालकानें प्रसंगावधान राखून माती टाकली, म्हणून गाडी व कडबा वांचला. त्याचा हात मात्र भाजला. दोष गाडीचा नव्हता, मिस्त्रीचाही पुरता नव्हता. चालकाचें न ऐकणाऱ्या मालकाचा होता.

ओझें घेऊन चढ चढणाऱ्या डिझेल एंजिनाचा धूर चार-पांचशें अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. पेट्रोल एंजिनाचा त्याहूनही अधिक. उलट गिअर-बॉक्समधील तेल शंभर अंशांच्या आंत असलेलें बरें. एकशेंवीस अंशांपुढें साधें खनिज तेल लवकर काळें पडतें, रबराची सील कडक होऊन तडकते आणि गळती सुरू होते. नळी गिअर-बॉक्सला टेकली नसली तरी ती निखाऱ्याप्रमाणें उष्णता फेंकीत असते. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. नळीचें उष्णतामान ४५० अंशांवरून ३५० वर आणलें, तर तिनें फेंकलेली उष्णता सुमारें ४५ टक्क्यांनीं घटते. म्हणजे मुळाशीं केलेला थोडा उपायही मोठें फळ देतो. दाट तेल हा मात्र उपाय नव्हे. तें घुसळण्यांतच शक्ति खर्च होऊन तें अधिक तापतें. खुणेपेक्षां जास्त तेल भरल्यासही तोच परिणाम होतो.

आमचें मत असें कीं, उष्णता कोंडण्यापूर्वीं ती वाजवीपेक्षां जास्त कां उत्पन्न होते, तें शोधावें. तुंबलेला सायलेन्सर, फुटलेलें गॅस्केट, उशिरा पडणारा इंधनाचा फवारा किंवा उशिरा उडणारी ठिणगी यांपैकीं कांहीं आहे काय, हें प्रथम तपासावें. दुसरें, तेलाची गळती बंद करावी. गिअर-बॉक्सच्या माथ्यावरील ब्रीदरचें छिद्र चिखलानें बुजलें, तर आंतील तापलेल्या हवेचा दाब तेलास सीलमधून बाहेर लोटतो. तें छिद्र साफ करण्यास कवडीचा खर्च नाहीं. तिसरें, नळी वळवून तीन-चार इंच तरी दूर न्यावी. एवढी जागा नसेल तर मध्यें चकचकीत अॅल्युमिनियमचा पत्रा लावावा. पण तो नळीस किंवा गिअर-बॉक्सला चिकटवूं नये. दोन्ही बाजूंस अर्धा ते एक इंच पोकळी ठेवावी व वरची कड मोकळी सोडावी, म्हणजे तापलेली हवा निघून जाईल. स्वच्छ पत्रा त्यावर पडलेल्या उष्णतेपैकीं नऊ-दशांशाहून अधिक परत फेंकतो. चिखलानें माखला कीं हा गुण जातो. पत्रा बसवितांना तेल काढण्याचा व पातळी पाहण्याचा बोल्ट झांकला जाऊं नये.

पट्टी गुंडाळणें हा शेवटचा उपाय होय, आणि तोही गळती पूर्ण थांबल्यावर. पट्टींत पाणी मुरून नळी गंजते, व तेल मुरल्यास काय होतें तें वर सांगितलेंच आहे. जुन्या गाडींत अॅस्बेस्टॉसची दोरी किंवा गॅस्केट असल्यास तें खरवडूं नये व झटकूं नये. त्याची धूळ फुप्फुसांत जाऊन कर्करोग होतो, आणि जागतिक आरोग्य संघटनेनें त्याचे सर्व प्रकार घातक ठरविले आहेत. त्याऐवजीं कांचतंतूची किंवा बेसॉल्टची पट्टी बाजारांत मिळते.

जुन्या गाडीसाठीं एवढी खटपट कशाला, असें कोणी म्हणेल. त्यास आमचें उत्तर एवढेंच कीं, गाडी जुनी असली तरी तींत बसणारा माणूस जुना होत नाहीं. एक पत्रा, चार बोल्ट व मिस्त्रीची अर्ध्या दिवसाची मजुरी यांच्या तुलनेनें जळालेला कडबा कितीतरी महाग पडतो, आणि भाजलेल्या हाताचें मोल तर करतांच येत नाहीं. चढ चढून आल्यावर एंजिन लगेच बंद न करतां दोन-तीन मिनिटें मंद चालू द्यावें. नळी व पत्रा यांमध्यें अडकलेलें पाचट रोज काढावें. आणि हंगाम सुरू होण्यापूर्वीं मालकानें एकदां तरी स्वतः गाडीखालीं शिरून पाहावें. चालक पायाला चटके बसतात असें म्हणाला, तर त्याच दिवशीं पाहावें. आम्हीं पाहिलें नाहीं. वाचकांनीं ती चूक करूं नये.