वसईच्या गाळ्यातली मशीन युरोपला जाते? २० जानेवारी २०२७ ची तारीख आत्ताच लिहून ठेवा

वसई : वसई पूर्वेला वालीव, सातिवली, गोखिवरे, नवघर, पेल्हार या पट्ट्यात औद्योगिक गाळ्यांची रांगच रांग आहे. एका गाळ्यात औषधाच्या गोळ्या पॅक करायची मशीन जुळवली जाते, शेजारच्या गाळ्यात तिचा पत्रा कापला जातो, तिसऱ्यात इलेक्ट्रिक पॅनेल बनतं. आजूबाजूच्या गावांतले फिटर, वेल्डर, टर्नर इथेच कामाला येतात. यातला काही माल थेट किंवा मुंबईच्या निर्यातदारामार्फत युरोपात जातो. त्या मालाचे नियम आता बदलत आहेत.

युरोपीय संघात यंत्रांच्या सुरक्षेचा २००६ चा निर्देश रद्द होऊन त्या जागी २०२३/१२३० या क्रमांकाचा नवा कायदा येत आहे. तो जून २०२३ मध्येच प्रसिद्ध झाला, पण लागू होणार २० जानेवारी २०२७ पासून. १९ जानेवारीपर्यंत जुना नियम, २० तारखेपासून नवा. दोन्ही चालतील असा मधला काळ ठेवलेला नाही.

तारीख कोणती धरायची?

इथेच अनेकांची गफलत होऊ शकते. मशीन वालीवच्या गाळ्यातून कधी निघाली याला महत्त्व नाही, युरोपच्या बाजारात कधी उतरली ते बघतात. डिसेंबर २०२६ मध्ये न्हावाशेवा बंदरातून निघालेला कंटेनर फेब्रुवारीत तिकडे पोहोचला, तर त्या मशीनला नवा नियम लागेल. मॉडेल दहा वर्षं जुनं आहे, आधी पन्नास विकल्या, ही सबब चालणार नाही. भारतातून पहिल्यांदाच तिकडे जाणारी जुनी, दुरुस्त केलेली मशीनही यात येते. म्हणजे ऑर्डर घेतानाच कोणत्या नियमाने मशीन बनवायची ते ठरवावं लागेल.

नेमकं काय बदललं?

पहिली गोष्ट, आयातदाराची जबाबदारी. बनवणाऱ्याने तपासणी केली आहे का, कागदपत्रं आहेत का, हे आता आयातदाराने पाहायचं आहे. त्याचं नाव-पत्ताही मशीनसोबत जाईल. पुढे काही झालं तर तिथले अधिकारी आधी त्यालाच विचारतील. त्यामुळे कालपर्यंत फक्त भाव विचारणारी पार्टी उद्या फाईल मागेल.

दुसरी, सॉफ्टवेअर. आज अनेक मशीनना पीएलसी असतो आणि बिघाड झाला की इंजिनिअर वसईत बसून इंटरनेटवरून सेटिंग बदलतो. नव्या नियमात बाहेरून कुणी छेडछाड केली तरी मशीन धोकादायक होता कामा नये. सुरक्षेच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी काय बदललं याची नोंद पाच वर्षं राहिली पाहिजे.

तिसरी, मशीनमध्ये मोठा बदल करून तिची सुरक्षा बदलणारा स्वतःच उत्पादक ठरेल. सगळी जबाबदारी त्याच्यावर.

एक सवलतही आहे. वापराचं पुस्तक आता डिजिटल देता येईल. ग्राहकाने खरेदीच्या वेळी मागितलं तर मात्र छापील प्रत फुकट द्यावी लागेल. आणि पुस्तक त्या देशाने ठरवलेल्या भाषेत हवं, नुसतं इंग्रजी सगळीकडे चालत नाही.

सर्टिफिकेट विकणाऱ्यांपासून सावध

सीई खूण म्हणजे बाहेरच्या कुणी दिलेला शिक्का, असा समज पसरलेला आहे. खरं तर बहुतेक मशीनसाठी उत्पादकाने स्वतः तपासणी करून, फाईल बनवून, स्वतःच्या सहीने घोषणापत्र द्यायचं असतं. बाहेरच्या संस्थेची तपासणी फक्त सहा प्रकारांना सक्तीची आहे. गाड्या उचलणारी सर्व्हिसिंगची लिफ्ट आणि स्वतः शिकणाऱ्या एआयवर सुरक्षा सोपवलेली मशीन ही त्यातली उदाहरणं. हाताने माल घालायच्या धातूच्या प्रेस आणि प्लॅस्टिक मोल्डिंग मशीन वेगळ्या यादीत आहेत. त्यांनी युरोपची मान्य मानकं पूर्ण पाळली तर स्वतःची तपासणी चालते, नाहीतर संस्थेकडे जावं लागतं.

ही संस्था युरोपने अधिसूचित केलेली हवी. तिला चार आकडी क्रमांक असतो आणि तिचं नाव युरोपीय आयोगाच्या ‘नॅन्डो’ या संकेतस्थळावर मोफत पाहता येतं. त्यात नाव नसलेल्याने दोन दिवसांत आणून दिलेल्या रंगीत सर्टिफिकेटला ही कायदेशीर किंमत नाही. पैसे जातात आणि माल बंदरात अडकायची भीती राहतेच.

इथल्या कामगाराचा काय संबंध?

फिरत्या भागाला जाळी हवी, हे १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम २१ मध्येच सांगितलं होतं. पण काम भराभर व्हावं म्हणून जाळी काढून ठेवायची सवय अनेक ठिकाणी आहे. प्रेसवर बोटं गमावलेली माणसं औद्योगिक पट्ट्यातल्या गावांना नवीन नाहीत. युरोपला जाणाऱ्या मशीनला दार उघडताच बंद करणारा इंटरलॉक लावायचा आणि इथल्या गिऱ्हाइकाला तोच काढून स्वस्तात द्यायचा, हा दुजाभाव आता धंद्यालाही परवडणारा नाही. केंद्राच्या अवजड उद्योग मंत्रालयानेही ऑगस्ट २०२४ मध्ये यंत्र सुरक्षेचा आदेश काढला आणि नंतर अंमलाची तारीख १ सप्टेंबर २०२६ पर्यंत पुढे नेली. आयएसओ १२१०० या मानकाप्रमाणे एकदा धोके तपासले की तीच मेहनत दोन्हीकडे कामी येते.

भारत-युरोप मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी पूर्ण झाल्याचं जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झालं. पण जकात कमी झाली म्हणून सुरक्षेच्या अटी सैल होत नाहीत.

आत्ता काय करता येईल?

आधी कोणती मॉडेल युरोपला जातात त्यांची यादी करावी. प्रत्येकीचा धोका कुठे, उपाय काय, हे लिहून काढावं. ड्रॉइंग, वायरिंग, चाचणीचे निकाल, खरेदी केलेल्या स्विच-मोटरचे कागद एका फाईलमध्ये लावावेत. ही फाईल दहा वर्षं जपायची आहे. नुसता पत्रा कापून किंवा शाफ्ट बनवून देणाऱ्या गाळ्याला सीई लावायची नाही, पण मोठा कारखाना त्याच्याकडेही मालाचा दर्जा आणि ड्रॉइंगची नोंद मागणार. आयटीआय झालेल्या पोरांना यात काम आहे. वायरिंगचा आराखडा वाचणारा आणि धोक्यांची नोंद लिहिणारा माणूस आता लागणार.

मोठ्या कंपन्यांकडे निर्यातीचा वेगळा विभाग असतो. दहा-पंधरा माणसांच्या गाळ्यात मालकच सगळं बघतो. त्याची मशीन चांगली असूनही फाईल नसेल, तर ऑर्डर दुसरीकडे जाईल आणि त्या दहा-पंधरा घरांची कमाईही.