आजी, ही गाडी विकायची आहे का?

लॅम रोडवरून जाताना जुन्या बंगल्यांच्या फाटकातून आत डोकावायची सवय देवळालीत वाढलेल्या प्रत्येकाला असते. आंब्याची झाडं, गंजलेला झोपाळा, आणि मागे पत्र्याच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली झाकलेला एक भलामोठा आकार. लहानपणी त्या आकाराची भीती वाटायची. आता हाव सुटते. अमेरिकेत कुणाच्या तरी गोठ्यात सापडलेल्या शेवरोलेच्या रील्स बघून बघून आपल्यातले बरेच जण शोधमोहिमेवर निघालेत. जुनी अमेरिकन गाडी शोधायची, स्वस्तात उचलायची, चकाचक करायची. छंद झकास आहे. माझी तक्रार त्यातल्या ‘स्वस्तात उचलायची’ या दोन शब्दांपुरती आहे.

आधी एक गैरसमज काढून टाकू. अमेरिकन गाडी म्हटलं की आपल्याला सिनेमातल्या स्मगलरची इम्पाला आठवते आणि सगळंच ‘फॉरेन’ वाटतं. पण आपल्याकडच्या कितीतरी डॉज आणि शेवरोले मुंबईत जोडलेल्या आहेत. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये शिवडीला गाड्या जोडायचा कारखाना काढला. वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियरने कुर्ल्यात १९४७ पासून क्रायस्लर कंपनीच्या डॉज, डिसोटो, प्लायमाउथ बाहेर काढल्या. विलीज जीपची जोडणी महिंद्रांनी मुंबईतच सुरू केली. मग १९५३ मध्ये सरकारने ठरवलं की नुसती जोडाजोडी पुरे, सुटे भागही इथेच बनवा. आणि जनरल मोटर्स, फोर्ड या दोघांनीही गाशा गुंडाळला. त्यामुळे ताडपत्रीखालची ती डॉज कदाचित कुर्ल्याच्या कामगारांनी जोडलेली असेल. तिला परदेशी म्हणणं म्हणजे जरा अतीच.

जीपचं तर आपल्या गावाशी नातंच आहे. लष्कराची छावणी, तोफखान्याची शाळा, महायुद्धाच्या काळात येणारे-जाणारे सैनिक. युद्धकाळातली जीप ओळखायची एक सोपी खूण आहे. पुढच्या जाळीला नऊ खाचा असतील तर ती लष्करी, सात असतील तर नंतरची नागरी. आणि बोल्टच्या डोक्यावर बारीकसा ‘एफ’ कोरलेला दिसला तर तो बोल्ट फोर्डचा. युद्धात विलीजच्या आराखड्यावर फोर्डनेही जीप बनवल्या होत्या. अर्थात एका बोल्टवरून उड्या मारू नका. आपल्याकडच्या जीपमध्ये तीन गाड्यांचे भाग सहज निघतात.

आता खरी गोष्ट. मागच्या उन्हाळ्यात आम्ही चौघं अशाच एका बंगल्यात गेलो. ताडपत्री काढली तर खाली डॉज, पन्नाशीच्या दशकातली. चारही टायर बसलेले, मागच्या सीटवर मांजरीचा संसार, पण पत्रा बऱ्यापैकी शाबूत. मुंबईच्या खाऱ्या हवेत ती एवढी टिकली नसती. मित्राने आजींना चाळीस हजार सांगितले. वर ऐकवलं, “आजी, तशीही भंगारातच जाणार ना?” आजींनी आम्हाला पन्हं दिलं आणि म्हणाल्या, “विचार करून सांगते.” बाहेर पडल्यावर कळलं की पठ्ठ्याने मुंबईच्या एका पार्टीशी आधीच बोलून ठेवलं होतं, कित्येक पट भावाने. आणि कबूल करते, मी तेव्हा गप्प बसले. इंटर्नशिपसाठी स्टोरी मिळतेय एवढंच डोक्यात होतं.

घरी आल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. बॉनेटवर झेंडूचा सुकलेला हार होता. म्हणजे दसऱ्याला कुणीतरी त्या बंद गाडीची पूजा केली होती. आपण जिला ‘विसरलेली गाडी’ म्हणतो, तिला नक्की कोण विसरलंय? आजींना तिचा नंबर पाठ होता, कोणत्या साली कोणत्या घाटात ती गरम झाली तेही पाठ होतं. माहीत नव्हता तो फक्त बाजारभाव. आणि नेमक्या त्यावरच आपला सगळा सौदा उभा असतो.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. गाडीची खरी किंमत आपल्याला माहीत असेल तर ती मालकाला सांगायची. ‘धंद्यात असं चालतंच’ हे मला मान्य आहे, पण मग त्याला वारसा जपणं म्हणू नका. धंदा म्हणा.

आणि धंदा म्हणून बघायचं तरी घाई महागात पडते. गाडी आजोबांच्या नावावर असते, आजोबा नसतात. आधी फॉर्म ३१ भरून वारसाच्या नावावर, मग फॉर्म २९ आणि ३० भरून तुमच्या. आरसी हाताने लिहिलेली जुनी वही असेल तर तिची ऑनलाइन नोंद करून घ्यायची. चेसिस नंबर गंजाखाली असतो. तो घासून, पेन्सिलने छाप घेऊन वहीशी जुळवल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षं झालेली, मूळ रूपातली गाडी असेल तर २०,००० रुपये भरून १० वर्षांची नोंदणी, पुढे नूतनीकरणाला ५,०००. ‘व्हीए’ अक्षरांची नवी नंबरप्लेट, आधीचा नंबर असेल तर तोच ठेवता येतो. रोज कॉलेजला न्यायला मात्र परवानगी नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढंच. नियम चांगला आहे, पण एक अट आपल्याकडे टोचते. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला चालत नाही. अहो, पेट्रोल परवडेना म्हणून आपल्याकडच्या कितीतरी जीपमध्ये मॅटाडोरचं डिझेल इंजिन बसलं, आणि बसलं म्हणूनच त्या भंगारात गेल्या नाहीत. जी दुरुस्ती गाडीला वाचवते तीच तिला नापास करते! निदान जुने, कागदोपत्री नोंदवलेले बदल तरी माफ व्हायला हवेत.

पण गाड्यांपेक्षा लवकर संपतायत ते मिस्त्री. आम्ही शेवटी आजींना खरा आकडा सांगितला. (मित्र महिनाभर बोलत नव्हता.) त्यांनी गाडी विकलीच नाही, म्हणाल्या, एकदा शेडबाहेर उन्हात आलेली बघू दे. मग सत्तरी ओलांडलेले एक मिस्त्री शोधले. आम्ही उत्साहाने बारा व्होल्टची बॅटरी घेऊन गेलो होतो. त्यांनी कपाळावर हात मारला. ही गाडी सहा व्होल्टची, त्यातही अर्थ पॉझिटिव्ह. जोडली असती तर बल्ब गेले असते, वायरिंगचं काय झालं असतं ते विचारूच नका. इंजिन जाम होतं. त्यांनी स्पार्क प्लग काढून सिलिंडरमध्ये तेल सोडलं आणि सांगितलं, “आठ दिवस हात लावायचा नाही.” हे त्यांच्या डोक्यात आहे, कुठल्याही रीलमध्ये आम्हाला दिसलं नव्हतं. त्यांच्या मुलाचं मोबाइलचं दुकान आहे, त्याला यात रस नाही. मी आता दर रविवारी फोन रेकॉर्डिंगवर ठेवून त्यांच्या शेजारी स्टुलावर बसते. ऑटोमोबाइल शिकणाऱ्यांनी तर रांग लावायला हवी.

चाक काढतानाचा किस्सा. उजवीकडची दोन सहज निघाली. डावीकडचे बोल्ट काही केल्या हलेनात. दोघं पान्यावर उभे राहिले तरी नाही. मिस्त्री चहा संपवून आले, म्हणाले, “पोरांनो, डाव्या बाजूचे आटे उलटे असतात हिचे. तुम्ही तासभर आवळताय.” चार बोल्ट निघाले. पाचवा आम्हीच इतका आवळलाय की त्यावर डिझेल सोडून ठेवलंय. रविवारी परत जायचंय.