परदेशवारीआधी विश्वामित्री



मागील महिन्यात आपल्या मंडळाच्या कार्यालयात एक ज्येष्ठ सभासद आले. हातात नातीच्या शाळेचे परिपत्रक होते. 'हवामानबदल आणि शाश्वत जीवनशैली' या विषयावर युरोपातील एका शाळेशी विद्यार्थी-आदानप्रदान, दहा दिवसांचा दौरा, खर्च काही लाख रुपये, आणि नाव नोंदवायला आठ दिवसांची मुदत. आजोबांनी विचारले, "मंडळाच्या शिक्षण निधीतून काही मदत होईल का? पोरगी हुशार आहे, संधी हुकायला नको."

कार्यकारिणीत हा विषय आला आणि सरळ दोन तट पडले. एक बाजू म्हणाली, पृथ्वी तापते म्हणून मुलांना विमानात बसवून सात हजार किलोमीटर पाठवायचे, हा कुठला न्याय? दुसरी बाजू म्हणाली, आपल्या मुलांनी जग पाहू नये का? श्रीमंतांची मुले जातात तेव्हा कुणी हिशेब मागत नाही, मध्यमवर्गीय मराठी घरातली मुलगी निघाली की सगळ्यांना धूर दिसू लागतो! निर्णय पुढच्या बैठकीवर गेला. प्रश्न एका मुलीपुरता नाही आणि एका शाळेपुरताही नाही, म्हणून या अंकात त्याबद्दल आमचे मत मांडत आहोत.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करू. परदेशी जाऊन शिकण्याला बडोदेकरांनी नाक मुरडावे, हे आपल्या परंपरेत बसत नाही. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी युरोप-अमेरिकेच्या अनेक वाऱ्या केल्या, पण त्या नुसत्या हवापालटाच्या नव्हत्या. अमेरिकेतील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन हे अमेरिकन ग्रंथपाल बडोद्याला बोलावून घेतले. त्यांनी सुमारे तीन वर्षे इथे राहून काम केले. त्यातून मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, खेडोपाडी वाचनालये गेली, पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गेल्या. तिकडे पाहिले, इकडे रुजवले, आणि ज्याच्याकडून शिकायचे त्यालाही इकडे आणले. आदानप्रदान या शब्दातली 'आदान' आणि 'प्रदान' ही दोन्ही अंगे त्यात होती.

दुसरे उदाहरण प्रत्येक बडोदेकराला पाठ आहे. १९१३ मध्ये बडोदे संस्थानाने भीमराव आंबेडकर या तरुणाला न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पाठवले. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. खर्च दरबाराचा, निवड गुणवत्तेवर, आणि परत येऊन दहा वर्षे संस्थानाची सेवा करण्याचा करार. हे आपण अभिमानाने सांगतो. मात्र पुढचा भाग सांगताना आपला आवाज खाली येतो. १९१७ मध्ये तोच विद्वान करार पाळण्यासाठी बडोद्यात आला, तेव्हा या शहराने त्याला राहायला एक खोली दिली नाही. पारशी विश्रामगृहातून त्यांना बाहेर काढण्यात आले, आणि आज ज्याला आपण सयाजीबाग म्हणतो त्या बागेत ते हताश होऊन बसले. राजाने पाठवले, पण गावाने सामावून घेतले नाही.

या दोन गोष्टींतून आमच्या मते आजच्या प्रश्नाची कसोटी मिळते. मुलाला बाहेर कोण पाठवतो, कुणाला पाठवतो, आणि ते परत आल्यावर गाव त्याच्याकडून काही घ्यायला तयार आहे का?

आता हवामानाच्या नावाने चालणारी आदानप्रदाने पाहू. त्यांत दोन जाती आहेत. पहिली जात खऱ्या कामाची. 'ग्लोब' हा अमेरिकेत सुरू झालेला कार्यक्रम १९९५ पासून चालू आहे. शंभराहून अधिक देशांतील शाळांची मुले आपापल्या गावचा पाऊस, तापमान, पाणी आणि ढग ठरलेल्या पद्धतीने मोजतात आणि नोंदी एकत्र जमा करतात. भारतही त्यात आहे. १९९४ मध्ये युरोपातील मोजक्या देशांत सुरू झालेली 'इको-स्कूल्स' ही चळवळ आता जगभर पसरली आहे. आपल्या शेजारच्या अहमदाबादच्या पर्यावरण शिक्षण केंद्राने ती भारतात आणली. तिच्यात मुलांची समिती स्वतःच्या शाळेचे वीज, पाणी आणि कचरा तपासते आणि सुधारणा करून दाखवते. युनेस्कोचे सहयोगी शाळांचे जाळे तर १९५३ पासूनचे. या सगळ्यांत प्रवासाला महत्त्व नाही, कामाला आहे. विमानाचे तिकीट न काढताही बडोद्यातले मूल ब्राझीलमधल्या मुलाशी आपल्या पावसाचे आकडे ताडून पाहू शकते.

युरोपीय संघाचा 'इरॅस्मस प्लस' हा आदानप्रदानाचा मोठा कार्यक्रम आहे. तिथेही आता आगगाडीने किंवा बसने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना जादा साहाय्य मिळते. म्हणजे विमानाचा धूर त्यांनाही खटकला. मुंबई-लंडन जाण्यायेण्यात एका प्रवाशामागे, वेगवेगळ्या पद्धतींनी मोजले तरी, साधारण एक टनाच्या आसपास कर्बवायू बाहेर पडतो. सरासरी भारतीयाच्या वाट्याला वर्षाकाठी सुमारे दोन टन येतात. म्हणजे दहा दिवसांच्या दौऱ्यात वर्षाचा निम्मा वाटा संपला. हा आकडा मुलाला निघण्यापूर्वी माहीत असावा, एवढीच आमची अपेक्षा. तो सांगून मुलाला अपराधी वाटायला लावू नये. घरातल्या लग्नासाठी बँकॉकला विमाने भरून नेणाऱ्यांनी तर मुळीच लावू नये.

दुसरी जात सहलीची. परिपत्रकावर पृथ्वीचे चित्र, मथळ्यात 'शाश्वत', आणि आत पाहावे तर अडीच दिवस शाळा, बाकी स्थलदर्शन आणि खरेदी. यजमान शाळेची मुले इकडे कधी येणार, याचा उल्लेख नाही. आल्यावर काय करायचे, तेही नाही. निवडीचा निकष एकच, बापाचे पाकीट. आजोबांनी आणलेले परिपत्रक आम्ही दोनदा वाचले. त्यात या दुसऱ्या जातीचीच लक्षणे जास्त होती, हे खेदाने नमूद करतो.

आता घरच्या गोष्टीकडे येऊ. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस काय घडले, ते वाचकांना आठवण करून द्यायला नको. पावागढच्या डोंगरात उगम पावून शहराच्या मधून वाहणारी आपली विश्वामित्री, जिची धोक्याची पातळी २५ फूट, ती ३५ फुटांच्या वर गेली. घराघरांत कमरेएवढे पाणी होते, तळमजल्यावरचे सामान गेले, वीज नव्हती, दूध नव्हते, आणि सोसायट्यांच्या फाटकांतून मगरी आत आल्या. वन खात्याच्या माणसांनी आणि स्वयंसेवकांनी त्या पकडून नेल्या. २०१९ मध्येही असेच झाले होते, २००५ मध्येही. दर वेळी 'अभूतपूर्व' म्हणायचे आणि विसरायचे, ही आपली रीत होऊन बसली आहे.

पाऊस बदलतो आहे, थोडक्या तासांत फार पडतो आहे, हे खरे. तापलेली हवा जास्त बाष्प धरून ठेवते आणि ते एकदम ओतते, हे आता शाळेतले मूलही सांगते. पण सगळा दोष आकाशावर टाकून चालणार नाही. नदीची कोतरे म्हणजे घळी भरून त्यांवर इमारती कुणी उभ्या केल्या? तलाव कुणी बुजवले? २०२५ च्या पावसाळ्यापूर्वी नदीपात्र खोल आणि रुंद करण्याचे मोठे काम झाले, ते चांगलेच झाले. परंतु भरलेली घळ खोदकामाने परत मिळत नाही.

आता विचार करा. युरोपला निघालेल्या आपल्या मुलीला विश्वामित्री कुठून येते आणि ढाढरला कुठे मिळते, हे ठाऊक आहे का? आजव्याचा सयाजी सरोवर महाराजांनी १८९० च्या दशकात बांधून घेतला, त्याची पातळी किती झाली की पाणी सोडावे लागते, हे तिने कधी विचारले आहे का? वाड्यातल्या जुन्या घरात आजी पावसाचे पाणी टाक्यात कसे साठवायची, वावेचे पाणी उन्हाळ्यात का आटत नसे, हे तिला कुणी सांगितले आहे का? नसेल, तर ती तिकडे जाऊन देणार काय? रिकाम्या ओंजळीने गेलेला पाहुणा फक्त घेऊन येतो.

समजा, तिचा गट हॉलंडला गेला. तिथे शिकण्यासारखे पुष्कळ आहे. १९९५ मध्ये तिथल्या नद्यांच्या पुरामुळे सुमारे अडीच लाख लोकांना घरे सोडावी लागली होती. त्यानंतर त्या देशाने शतकानुशतकांची रीत बदलली. बांध आणखी उंच करत बसण्याऐवजी 'नदीला जागा द्या' असे धोरण घेतले आणि तीसहून अधिक ठिकाणी कामे केली. नायमेखेन शहरापाशी वाल नदीचा बांध सुमारे ३५० मीटर मागे नेला, त्यासाठी काही घरे हलवली आणि पुराच्या पाण्याला दुसरे पात्र खोदून दिले. हे पाहून आलेली मुलगी बडोद्यात एकच प्रश्न विचारील: "आपण नदीला जागा देतो की नदीची जागा घेतो?" असा प्रश्न विचारणारी मुलगी तयार होणार असेल, तर आमच्या मते तो एक टन धूर वाया गेला नाही. पण हा प्रश्न पडायला तिला आपली नदी आधी माहीत हवी.

आणि डच मुले इकडे आली, तर त्यांनाही शिकण्यासारखे आहे. लाखोंच्या शहरात मगर आणि माणूस एकाच नदीकाठी कसे राहतात, चार महिन्यांच्या पावसावर बारा महिने कसे काढायचे, भंगारवाला आणि रद्दीवाला काय काय वाचवतात. हे त्यांना त्यांच्या देशात पाहायला मिळणार नाही.

पर्यावरण हा विषय शाळेत सक्तीचा असावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्येच दिला होता. पुस्तक आले, परीक्षा आली, पण नदीकाठी वर्ग भरला नाही. ज्या संस्थानाने १९०६ मध्ये सक्तीचे मोफत प्राथमिक शिक्षण राज्यभर लागू केले, त्याच शहरात आज महापालिकेच्या शाळेतल्या मुलाला 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द फक्त खाजगी शाळेच्या फलकावर वाचायला मिळतो. पुरात ज्याचे दप्तर आणि घरचे धान्य वाहून गेले, ते मूल बहुतेक याच शाळेतले असते. हवामानबदल अंगावर झेलणारा एक आणि त्यावर परदेशात भाषण करणारा दुसरा, ही वाटणी आम्हाला मान्य नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. शाळांनी दौऱ्याचा सविस्तर कार्यक्रम, पूर्ण खर्च आणि परतभेटीची तारीख पालकांना आधी द्यावी. निदान एक पावसाळाभर मुलांनी आपला पाऊस आणि नदीची पातळी मोजावी, आणि त्या नोंदी घेऊनच परदेशी जावे. दर चार-पाच जागांमागे एक जागा महापालिकेच्या शाळेतील विद्यार्थ्यासाठी राखावी. मराठी माध्यमाचे वर्ग रोडावले आहेत, जे उरले आहेत त्यांना विसरू नये. नगर प्राथमिक शिक्षण समितीने 'ग्लोब' किंवा 'इको-स्कूल्स'सारख्या कार्यक्रमात आपल्या शाळा उतरवाव्यात. त्याला विमान लागत नाही, पर्जन्यमापक आणि उत्साही शिक्षक लागतो. आणि महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, तो कोणत्याही पक्षाचा असो, आपल्या घरच्या ओसरीवर बसवून विचारावे: उरलेल्या घळींचे आणि तलावांचे तुम्ही काय करणार?

मंडळाच्या निधीबद्दलही आमचे मत सांगतो. मदत द्यावी, पण दरबाराने घातली तशी अट घालून. विद्यार्थ्याने परत आल्यावर वर्षभर दर महिन्याला एक रविवार आपल्या वस्तीतल्या मुलांसाठी द्यावा, पाहिलेले मराठीतून आणि गुजरातीतून सांगावे, आणि एक काम करून दाखवावे. आणि आपण वडीलधाऱ्यांनी त्या मुलाचे ऐकून घ्यावे. १९१७ ची चूक वेगळ्या रूपात पुन्हा होऊ नये. शिकून आलेले मूल 'घळ बुजवू नका' म्हणेल तेव्हा त्याच घळीवर फ्लॅट नोंदवलेले आपण त्याला गप्प बसवणार असू, तर पाठवूच नये.

इंदूरची कान्ह असो, ग्वाल्हेरची स्वर्णरेखा असो वा हैदराबादची मुसी, जिने १९०८ मध्ये ते शहर धुऊन काढले होते, आपण मराठी माणसे जिथे जिथे पिढ्यान् पिढ्या राहिलो तिथल्या नदीचे पाणी प्यायलो आहोत. तिथल्या नदीचे ऋण आपल्यावर आहे. तीनशे वर्षांच्या वास्तव्याचा दाखला देताना आपण वाडे आणि देवळे दाखवतो, नदी दाखवत नाही.

आजोबांना आम्ही उत्तर कळवले आहे. यंदाची मुदत जाऊ द्या, नातीला या पावसाळ्यात काळाघोडा पुलाजवळ वही घेऊन उभी करा. शाळेने वरच्या गोष्टी मान्य केल्या, तर पुढच्या वर्षी मंडळ तिच्या मागे उभे राहील. सर्वसाधारण सभेत हा ठराव येईल, तेव्हा सभासदांनी मोठ्या संख्येने उपस्थित राहून मत द्यावे, ही विनंती.