परस एक, खुराडी दोन

गोव्यातील पेडणे आणि डिचोली या उत्तरेकडील तालुक्यांत घरामागे चार-दहा गावठी कोंबड्या असणे ही आजही सामान्य गोष्ट आहे. अंडी घरात लागतात, पाहुणा आला की रस्सा लागतो, आणि अनेक वाड्यांवर राखणदाराला, म्हणजे गावाची सीमा राखणाऱ्या दैवताला, कोंबडा द्यावा लागतो. अशा परसात कोणी बदके आणली की मात्र वाद उभा राहतो. एका पक्षाचे म्हणणे असे की कोंबडी कोरड्यावरची आणि बदक पाण्यातले, दोघांना एकत्र ठेवले की रोगराई ठरलेली, तेव्हा बदके नकोतच. दुसरा पक्ष म्हणतो की पक्षी ते पक्षीच, एका खुराड्यात कोंडावेत आणि एकाच भांड्यात दाणे घालावेत. यांपैकी पहिल्या पक्षाने रोगाचे कारण भलत्याच ठिकाणी शोधले आहे, तर दुसऱ्याने ते मुळातच नाकारले आहे. दिवसाचे परस दोघांना एक चालते, रात्रीचे खुराडे एक चालत नाही, हेच येथे सिद्ध करावयाचे आहे.

पहिल्या पक्षाचा मुख्य आधार म्हणजे रक्ती हगवण, जिला पशुवैद्यक कॉक्सिडिओसिस म्हणतात. पावसाळ्यात कोवळी पिल्ले पंख पाडून बसतात, विष्ठेत रक्त दिसते आणि दोन-तीन दिवसांत खुराडे रिकामे होऊ लागते. त्याच वर्षी बदके आलेली असली तर दोष बदकांवर जातो. परंतु हा रोग घडवणारे आयमेरिया नावाचे एकपेशीय परजीवी यजमानाच्या बाबतीत फार काटेकोर असतात. कोंबडीत वाढणाऱ्या जाती कोंबडीतच वाढतात आणि बदकाच्या वेगळ्या असतात, त्यामुळे बदक कोंबडीला हा परजीवी देत नाही. ते देते ती ओल. विष्ठेतून बाहेर पडलेली परजीवीची बीजांडे ताबडतोब रोग लावू शकत नाहीत. उष्णता, हवा आणि ओलावा मिळाल्यावर एक-दोन दिवसांत ती पक्व होतात, आणि तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या प्रदेशात जून ते सप्टेंबर यांतले काहीही कमी पडत नाही. त्यात बदकाची खाण्याची रीत अशी की ते दाण्याचा घास घेते, लगेच पाण्यात चोच बुडवते, नाकपुड्या धुते, मान झटकते आणि पुन्हा दाण्याकडे वळते. तासाभरात पाण्याच्या भांड्यात राडा होतो आणि भोवतालची हातभर जमीन चिखल बनते. हे खुराड्याच्या आत घडले तर खाली पसरलेली भाताच्या तुसाची गादी भिजते, तिच्यातून डोळे चुरचुरवणारा अमोनिया वायू सुटतो आणि कोंबड्यांमध्ये आधीपासूनच असलेला परजीवी फोफावतो. म्हणजे दोष बदकाच्या जातीचा नसून भांड्याच्या जागेचा आहे. तेच भांडे परसाच्या उतरत्या कडेला, माडाच्या किंवा केळीच्या आळ्याजवळ ठेवले, तर सांडलेले पाणी झाडाला खत घालते आणि कोंबड्यांची जागा कोरडी राहते.

दुसऱ्या पक्षाची चूक अधिक घातक आहे, कारण ती रात्री घडते. कोंबडी दांडीवर बसून झोपते आणि बदक जमिनीवर. एकाच खुराड्यात वरच्यांची विष्ठा रात्रभर खालच्यांच्या पाठीवर पडते. कोंबड्या पहाटे मोकळ्या कराव्या लागतात, तर बदके बहुतेक अंडी पहाटेपासून सकाळच्या पहिल्या प्रहरापर्यंत घालत असल्याने त्यांना नऊच्या सुमारापर्यंत आत ठेवणे इष्ट असते, नाहीतर अंडी शेताच्या चिखलात जातात. नरांचा प्रश्न याहून गंभीर आहे. कोंबड्याला बाहेर येणारे जननेंद्रिय नसते, बदकाच्या नराला असते. त्याच्या वाट्याला पुरेशा माद्या नसल्या तर तो कोंबड्यांवर चढतो आणि त्यांना आतून इजा होऊ शकते. म्हणून एका नरामागे पाच-सहा माद्या ठेवाव्यात किंवा केवळ अंड्यांसाठी पाळताना नर ठेवूच नये.

एकाच भांड्यातील दाण्यांचा आग्रहही टिकत नाही. बदकाच्या पिल्लांना नायसिन या ब जीवनसत्त्वाची गरज कोंबडीच्या पिल्लांपेक्षा बरीच जास्त असते; ते कमी पडले की पाय वाकतात आणि पिल्लू फरपटत चालू लागते. तांदळाच्या कोंड्यात नायसिन असते, पण त्यातले बरेचसे शरीराला सहज न मिळणाऱ्या रूपात, त्यामुळे एकट्या कोंड्यावर विसंबता येत नाही आणि थोडे यीस्ट मिसळणे शहाणपणाचे ठरते. बुरशीच्या बाबतीत तर बदकाचे पिल्लू अतिशय नाजूक आहे. १९६० मध्ये इंग्लंडात बुरशी लागलेल्या भुईमुगाच्या पेंडीमुळे लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, बदकांची पिल्लेही मेली, आणि त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीजन्य विषाचा शोध लागला. कोंबडीचे पिल्लू ज्या मात्रेत तग धरते तेवढ्यात बदकाचे मरते. आषाढात पोत्यात घट्ट बसलेला, कुबट वासाचा मका किंवा पेंड म्हणूनच बदकांपुढे टाकू नये. कोंबड्यांपुढेही टाकू नये, हे ओघाने आलेच.

आता मंडनाकडे वळता येते. कोंबडी माडाखालचा आणि कुळागरातला, म्हणजे पोफळीच्या बागेतला, पालापाचोळा उकरून वाळवी, किडे आणि गवताचे बी खाते. बदक चिखल चोचीने गाळून गोगलगायी, अळ्या आणि पाणवनस्पती टिपते. एकाच परसात दोघांचे ताट वेगळे असते, म्हणून एकाच्या येण्याने दुसऱ्याचे काही कमी होत नाही. जपानमधील शेतकरी ताकाओ फुरुनो यांनी १९८८ पासून भाताच्या खाचरात बदकांची पिल्ले सोडून तण आणि किडी आवरण्याची पद्धत विकसित केली. लोंब्या धरू लागल्या की पिल्ले बाहेर काढावी लागतात, एवढे पथ्य तिला आहे. पिळगाव, नार्वे, मये येथील सखल शेतांना किंवा पेडण्यातील कोरगाव, पार्से, तुये येथील वायंगणी, म्हणजे हिवाळी, भाताला हा मार्ग परका वाटू नये. मात्र शापोरा आणि तेरेखोल या नद्यांच्या काठच्या खाजणांत, म्हणजे बांध आणि मानशीने भरतीचे पाणी आवरलेल्या शेतांत, उन्हाळ्यात पाणी मचूळ होते, आणि खारेपण लहान पिल्लांना सोसत नाही. तेथे गोड्या पाण्याचे भांडे अनिवार्य आहे.

कोंबडी तर बदकाची दाईही होते. खाकी कॅम्पबेल ही अंड्यांसाठी नावाजलेली बदकांची जात उत्तम संगोपनात वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते, पण सहसा खुडूक बसत नाही. गावठी कोंबडी मात्र चिकाटीने बसते. तिच्या अंड्यांना २१ दिवस लागतात, बदकाच्या अंड्यांना २८, म्हणून तिला जागेवरच दाणापाणी द्यावे लागते. अशा पिल्लांच्या पिसांना बदकाच्या आईचे तेल लागलेले नसते. पहिल्या काही आठवड्यांत ती खोल पाण्यात गेली तर चिंब भिजून गारठतात.

उरतो तो बर्ड फ्लूचा आक्षेप, आणि तो खरोखर वजनदार आहे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे भारतातला पहिला उद्रेक कोंबड्यांत झाला; २०१४ मध्ये केरळच्या कुट्टनाड भागात बदके मोठ्या संख्येने मेली. शिवाय काही वेळा बदक निरोगी दिसत असतानाही विषाणू बाहेर टाकते. या आक्षेपाला संपूर्ण उत्तर नाही. परंतु त्याचा रोख परसातल्या सहवासापेक्षा रानपक्ष्यांशी होणाऱ्या संपर्कावर असला पाहिजे. करमळीसारख्या तळ्यांवर हिवाळ्यात स्थलांतरित बदके उतरतात. त्या महिन्यांत पाळीव बदके अशा पाणवठ्यांवर सोडू नयेत आणि उद्रेकाची बातमी येताच दोन्ही जातींचे पक्षी बंदिस्त ठेवावेत. संसर्ग सिद्ध झाल्यास सुमारे एक किलोमीटर परिघातील सर्व पाळीव पक्षी नष्ट केले जातात, त्यात केवळ कोंबड्या पाळणाऱ्याची सुटका होत नाही.

राणीखेत, म्हणजे मानमोडीच्या रोगाच्या बाबतीतही बदक स्वतः फारसे आजारी न पडता विषाणू वाहू शकते, म्हणून बदके आणणाऱ्या घराने कोंबड्यांचे लसीकरण टाळता कामा नये. अडचण अशी की लशीची कुपी शंभर किंवा अधिक मात्रांची असते, ती थंड ठेवावी लागते आणि एकदा पातळ केल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांच्या घराला ती एकट्याने परवडत नाही. तेव्हा पेडणे-डिचोलीतील प्रत्येक वाड्याने मृग लागण्यापूर्वी एक सकाळ ठरवावी, पशुवैद्यकीय दवाखान्याला आधी कळवावे, आणि वाड्यावरच्या सगळ्या कोंबड्या त्या एकाच सकाळी टोचून घ्याव्यात.